भूतानमध्ये तक्त्संगची चढण शेवटी ठेवा

पारो खोऱ्यातील तक्त्संग मठ सुमारे ३,१२० मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, कड्याला बिलगून असल्यामुळे, सह्याद्रीतले गड सहज चढणाऱ्यांनीही थिंफूत दोन-तीन दिवस राहून विरळ हवेची सवय झाल्यावर, सहलीच्या अखेरीसच ही चढण करावी. सकाळी लवकर निघावे. घोडे मिळतात, परंतु ते अर्ध्या वाटेवरील उपाहारगृहाच्या आसपासपर्यंतच जातात आणि पुढच्या शेकडो पायऱ्या पायीच चढाव्या-उतराव्या लागतात. मठात पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ वस्त्र आवश्यक असून मोबाइल व कॅमेरा बाहेरच जमा करावा लागतो; त्या शांततेत छायाचित्रांची उणीव मला तरी जाणवली नाही.