भिंतीवर टाइमटेबल, जर्नल मात्र कोरं: सेमिस्टरमध्ये या चुका टाळा

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात इंजिनिअरिंगच्या कुठल्याही होस्टेलमध्ये चक्कर मारा. निम्म्या खोल्यांत भिंतीवर खिळ्याला टाइमटेबल टांगलेलं दिसेल. पहाटे ५ ला उठणे, ५.३० ते ७.३० मॅथ्स, रात्री ९ ते ११ उजळणी, सगळं तीन रंगांच्या स्केचपेनांनी. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याच खिळ्याला टॉवेल अडकवलेला असतो.

यात मुलांचा आळस वाटतो तेवढा नसतो. टाइमटेबलच चुकीच्या कामांचं केलेलं असतं. त्यात अभ्यासाचे तास असतात. पण जर्नल (प्रॅक्टिकलची वही) लिहिणं, त्यावर शिक्षकांची सही घेणं, प्रिंट काढणं, एक्झाम फॉर्म, स्कॉलरशिप, मेसची रांग, येण्याजाण्याची बस यांतलं काहीच नसतं. सेमिस्टर खातात ती नेमकी हीच कामं. पुढची उदाहरणं पुण्यातल्या इंजिनिअरिंगची आहेत, कारण प्रॅक्टिकलच्या टेबलाच्या पलीकडून मी दरवर्षी तेच पाहतो. बीएस्सी-बीकॉमवाल्यांनी विषयांची नावं बदलून वाचावं.

जर्नल "सबमिशनला बघू" म्हणून साठवणं

सगळ्यात महाग चूक ही, सेमिस्टरअखेर जर्नल जमा करतानाच ते लिहायला घेणं. जरा हिशेब करू. समजा तीन लॅब आहेत आणि प्रत्येकी दहा प्रॅक्टिकल. म्हणजे जर्नलमध्ये लिहायचे तीस राइट-अप. आकृती, रीडिंग्ज, कॅल्क्युलेशन, ग्राफ धरून एकाला दीड तास लागला तर झाले ४५ तास. चौदा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला तीन तासांच्या आसपास. शेवटच्या आठवड्यात ढकलले तर रोज साडेसहा तास नुसतं लिहिणं, आणि त्याच आठवड्यात ओरल (तोंडी परीक्षा), मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट आणि असाइनमेंट.

बरं, लिहून झालं म्हणजे संपलं असंही नाही. सही राहते. एका शिक्षकाकडे वीस-वीस मुलांच्या चार बॅच असल्या, तर दहा प्रॅक्टिकलच्या आठशे सह्या होतात. त्या सगळ्यांना त्याच तीन दिवसांत हव्या असतात. मग स्टाफरूमबाहेर रांग, सर मीटिंगमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन दुसरी रांग, तिथे फाइल उघडत नाही, उघडली तर फॉन्ट बदललेला.

आणि हे लपत नाही. दहाही राइट-अप एकाच पेनाने, एकाच शाईत. अनुक्रमणिकेत मागच्या तारखा टाकलेल्या, त्यातली एखादी हमखास रविवारी येते. एकदा तर दोन ऑक्टोबरला केलेलं प्रॅक्टिकल तपासायला आलं होतं. यावर कुणी फार ओरडत नाही, पण ओरलला पहिला प्रश्न त्याच पानावरचा येतो: "हा ग्राफ इथे का वळला?" ज्याने मित्राच्या फाइलवरून ग्राफ छापला, त्याला तो वळलाय हेसुद्धा तेव्हाच कळतं.

उपाय टाइमटेबलमध्ये नाही, लॅबमध्येच आहे. प्रॅक्टिकलचा स्लॉट दोन तासांचा असतो आणि प्रत्यक्ष काम बऱ्याचदा सव्वा तासात आटोपतं. उरलेला पाऊण तास कॅन्टीनमध्ये जातो. त्या वेळात उपकरण समोर असतं, रीडिंग्ज ताज्या असतात, शंका विचारायला शिक्षक तिथेच असतात. कॅल्क्युलेशन आणि ग्राफ तिथेच उरका. थिअरीचा भाग त्याच संध्याकाळी लिहा. पुढच्या प्रॅक्टिकलला पहिल्या दहा मिनिटांत मागच्याची सही घ्या, तेव्हा रांग नसते. चहा नंतर पिता येतो.

"एवढं तर दोन दिवसांत होईल" या अंदाजावर मात्र विसंबू नका. हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. १९९४ मध्ये कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर ३४ दिवसांच्या आसपास होतं. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. ठरवलेल्या दिवशी काम संपवणारे एकतृतीयांशही नव्हते. तेव्हा आपला अंदाज काढा आणि सरळ दीडपट करा. मिनी प्रोजेक्ट असेल तर दुप्पट, कारण तिथे आणखी तिघांचे अंदाज त्यात मिसळलेले असतात.

सगळ्या तारखा वॉट्सअ‍ॅपवर सोडणं

वर्गाचा ग्रुप, बॅचचा ग्रुप, प्रोजेक्टचा ग्रुप आणि शिक्षक नसलेला तो एक ग्रुप. सीआर (वर्गप्रतिनिधी) नोटिशीचा फोटो टाकतो, त्याखाली "ओके सर"ची रांग लागते, मग कुणाचा तरी वाढदिवस निघतो. चार दिवसांनी तो फोटो शोधायचा तर तीनशे मेसेज वर जायचं. आणि सापडला तरी तो तिरका काढलेला असतो, तारीख नेमकी कडेला कापलेली.

तारीख दिसली की त्याच मिनिटाला एका ठिकाणी लिहा. फोनचं कॅलेंडर चालेल. माझं मत छोट्या डायरीला. फोन तारीख लिहायला उघडतो आणि वीस मिनिटांनी रील बघताना सापडतो. जी काही जागा असेल ती एकच असू दे. खरी तारीख लिहा आणि तिच्या दोन दिवस आधीच्या पानावरही तेच काम लिहा. रविवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं पुढच्या दोन आठवड्यांची पानं चाळा. दोन गोष्टी एकाच दिवशी आदळणार असतील तर तेव्हाच दिसतात.

इन-सेमला सराव परीक्षा समजणं

पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटवर, आणि एंड-सेम (शेवटची) ७० गुणांची, पुढच्या चार युनिटवर. म्हणजे पहिली दोन युनिटं एंड-सेमला परत येत नाहीत. तिथे गेलेले गुण गेले. तुमचा पॅटर्न नवा असेल तर गुणांची वाटणी सिलॅबसच्या पहिल्या पानांवर दिलेली असते. ती पानं कुणी उघडत नाही, सगळे थेट युनिट एकवर जातात.

पहिल्या सेमिस्टरची आणखी एक अडचण पुण्यात असते. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो, नाटकवाल्यांच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमीही त्याच सुमाराला. पथक सोडा, तालीम सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. त्यातून जे मिळतं ते लेक्चरमध्ये मिळत नाही. पण सरावावरून रात्री दहाला आल्यावर मॅथ्स होणार नाही हे आधीच मान्य करा. त्या दिवसांत अभ्यास सकाळी ठेवा, किंवा दोन लेक्चरच्या मधल्या मोकळ्या तासाला लायब्ररीत जा. दोन्ही हौशी एकाच वर्षी करायच्या का, हे मात्र घरच्यांशी नाही, स्वतःशीच भांडून ठरवा.

नुसतं वाचत राहणं

पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) नोट्स तीनदा वाचून "झालं" म्हणणारे पुष्कळ. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं होतं. मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं; आठवड्याने मात्र न बघता लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

कागदपत्रांना अभ्यासातून वेगळं समजणं

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म एकदा भरला की सुटलो, असं पहिल्या वर्षाला वाटतं. रिन्यूअल दरवर्षी करावं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्यावर त्याची मुदत छापलेली असते. ती संपली असेल तर तहसीलचं काम आलं, आणि गावाकडचा मुलगा त्यासाठी ऐन इन-सेमच्या तोंडावर घरी जातो. सुट्टीत घरी असतानाच हे काम काढा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही तेव्हाच बघा, कारण पैसे त्याच खात्यात येतात. फॉर्म भरल्यावर दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज विद्यार्थ्याने उघडलाच नाही म्हणून मुदत निघून गेल्याची उदाहरणं दरवर्षी दिसतात. सगळ्या कागदांचे नीट नाव दिलेले स्कॅन एका फोल्डरमध्ये ठेवा. "आयएमजी ४४२१" नावाने दाखला सापडत नाही.

आणि आधीच सगळं अंगावर आलं असेल तर

नवं टाइमटेबल करायला बसू नका, तो अर्धा दिवस वाया जातो. एका कागदावर काय काय राहिलंय ते विषयवार लिहा आणि ज्याची दारं आधी बंद होणार ते वर घ्या. डिफॉल्टर लिस्टमध्ये (हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत) नाव असेल तर हजेरी पहिली, कारण ती रात्री जागून भरून काढता येत नाही. आजारी असाल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट लगेच द्या. यादी लागल्यावर आणलेल्या सर्टिफिकेटकडे सगळे संशयाने बघतात. मग टर्मवर्क (जर्नल, असाइनमेंट वगैरे), आणि त्यातही ज्या विषयाची ओरल आधी आहे तो. थिअरीला उरलेल्या दिवसांत गेल्या काही वर्षांचे पेपर घ्या, सारखे येणारे प्रश्न आधी.

शिक्षकांना भेटायला जाताना तो कागद घेऊन जा. "सर, सगळंच राहिलंय" म्हणणाऱ्याला कोणी मदत करू शकत नाही. "सर, सहा राइट-अप राहिलेत, तीन गुरुवारी दाखवतो, तीन सोमवारी" म्हणणाऱ्याला बहुतेक जण हो म्हणतात. मात्र गुरुवारी तीन आणा, दोन नाही.