लाल दार कुठंय?

एकाच घरात अडकलेल्या कुटुंबाचा भयपट करायला सोपा, लोकेशन एकच तर लागतं, असं नवख्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्या शॉर्टफिल्मसाठी मित्राच्या मामांचं जुनं घर मिळालं आणि चार रात्रींत शूट उरकलं. रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, बघताना आमच्या एडिटरताईने एकच विचारलं, "अरे, बाहेरचं दार नेमकं कुठंय?" आम्ही गप्प. तीन शॉटमध्ये दार तीन बाजूंना वाटत होतं. पात्र कुठे बघून दचकतंय हेच कळलं नाही, तर बघणारा दचकणार कसा?

मग ताईने मला २०१७ चा 'इट कम्स ॲट नाइट' आवाज बंद करून बघायला लावला. दिग्दर्शक ट्रे एडवर्ड शुल्ट्सचा हा अमेरिकन सिनेमा. जंगलातलं घर, बाहेर जीवघेणी साथ, आत आईवडील आणि सतरा वर्षांचा ट्रॅव्हिस. पुढे अँड्र्यू या लहान मुलाला घेऊन आणखी एक जोडपं तिथे राहायला येतं. राक्षसबिक्षस काही येत नाही. येण्याजाण्याची वाट एकच, लाल दार, आणि ते कायम कुलूपबंद. वडील पाहुण्यांना हे नियम समजावून सांगतात, तेव्हा आपल्यालाही घर पाठ होतं. म्हणूनच एका रात्री ते दार किलकिलं सापडतं तेव्हा पोटात गोळा येतो. कुणी उघडलं? छोट्या अँड्र्यूने? की भानावर नसलेल्या ट्रॅव्हिसने? सिनेमा सांगत नाही. तिथून पुढे दोन्ही कुटुंबं संशयानेच एकमेकांच्या जिवावर उठतात. काही प्रेक्षकांना हे अपुरं वाटतं. मला तरी तोच त्याचा कणा वाटतो.

मी वही घेऊन बसलो आणि शॉटगणिक लाल दार कोणत्या हाताला आहे ते लिहीत गेलो. तिसऱ्यांदा बघताना आणखी एक गोष्ट दिसली. ट्रॅव्हिसच्या दुःस्वप्नांत वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या जाड होतात, फ्रेम चपटी होते. शेवटाकडे जागेपणीचे प्रसंगही तसेच आवळत जातात. तुम्हीही शूटिंगच्या आधी घराचा नकाशा काढा, कॅलेंडरच्या पाठीवर काढलात तरी चालेल. दार, खिडक्या, कोण कुठे झोपतं, सगळं त्यात हवं.

उजेडाचंही तसंच. या सिनेमाचा छायाचित्रकार ड्र्यू डॅनियल्स, त्याचा कॅमेरा रात्री कंदील आणि टॉर्चच्या भरवशावर चालतो. आम्ही नुसती टॉर्च वापरली तेव्हा चेहरे काळेठिक्कर आले. उपाय स्वस्त निघाला. फ्रेमबाहेर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरायचा, नटाने टॉर्च त्यावर मारायची, उलटून आलेला मऊ उजेड तोंडावर पडतो. भिंती पांढऱ्या असतील तर मागे गडद चादरी लावा, नाहीतर अंधार कधीच अंधारासारखा दिसत नाही.

दार कुणी उघडलं ते लेखक-दिग्दर्शकाने स्वतःपुरतं ठरवून ठेवावं, नटांना मात्र सांगू नये. दुसऱ्या फिल्ममध्ये आम्ही तसं केलं आणि जेवणाच्या प्रसंगात चौघंही एकमेकांकडे जसे बघत होते, तसे बघायला मला त्यांना शिकवता आलं नसतं.

आणि कडीचा आवाज त्याच घरात, त्याच रात्री वेगळा रेकॉर्ड करा. आम्ही तो नंतर दुसऱ्याच दाराचा घेतला. घरातली कडी लोखंडी, जड आणि गंजलेली, आणि आवाज हलक्या पितळी कडीचा. मिक्सिंगमध्ये खूप झटलो, तरी तो शेवटपर्यंत त्या दाराला चिकटलाच नाही.