जुन्या शहरांची स्टील एनग्रेव्हिंग जमवायचीत? मग आधी एवढी तयारी करा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कुणाला जुन्या शहरांची स्टील एनग्रेव्हिंग, म्हणजे पोलादाच्या पाट्यावर रेघा कोरून कागदावर छापलेली चित्रं, जमवायची असतील तर खरेदी दिवाळीनंतर करा, तयारी मात्र आत्ता पावसातच करून ठेवा, कारण घरात ओल नेमकी कुठं येते ते याच दिवसांत कळतंय. पश्चिमेची बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि जिथं थेट ऊन पडतं ती जागा, या तिन्ही सोडून आतली एखादी कोरडी भिंत ठरवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, खालचा कप्पा रिकामा सोडा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणून ठेवा. कागदाला ओल लागली की तांबूस ठिपके पडतात आणि ते घरच्या घरी निघत नाहीत, कसर लागली तर विचारूच नका.

मग शहर ठरवा. दिसेल ते घेत सुटलं की पैसा संपतो आणि संग्रह काही होत नाही. लंडन, व्हेनिसची चित्रं भरपूर मिळतात, जर्मनीतल्या योझेफ मायरच्या ‘युनिव्हर्सुम’मधली जगभरच्या शहरांची छोटी चित्रं पण मिळतात, ही मालिका 1833 पासून निघत होती. पण माझं ऐकाल तर सुरुवात विजापूरपासून करा की, आपल्याला एका दिवसात जाऊन यायला जमतंय. रॉबर्ट एलियट नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं तिथं स्केचेस काढली, त्यावरून सॅम्युअल प्राउट, क्लार्कसन स्टॅनफिल्ड अशा चित्रकारांनी लंडनमध्ये बसून पक्की चित्रं केली आणि मग ती पोलादावर कोरून 1830 ते 1833 मध्ये फिशर कंपनीनं ‘व्ह्यूज इन द ईस्ट’ म्हणून छापली. प्राउट कधी भारतात आलाच नव्हता, त्यामुळं प्रिंटचा फोटो मोबाईलवर घेऊन प्रत्यक्ष इमारतीसमोर उभं राहून बघा, कमान कुठं उंच केलीय, झाडं कुठून आणलीत हे शोधण्यात लई मजा आहे. ऑनलाइन शोधताना विजापूरसाठी ‘बीजापोर’सारखी जुनी स्पेलिंगं पण टाकून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भिंग. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं चालतं, आणि पहिलं चित्र घ्यायच्या आधी त्यातून दहा रुपयाची नोट, जुनं कॅलेंडर, वर्तमानपत्रातला फोटो असं सगळं बघून डोळा तयार करा. ऑफसेटनं छापलेल्या नकलेत ठिपके दिसतात, खऱ्या एनग्रेव्हिंगमध्ये रेघा दिसतात. आकाशाकडं बघा, तिथं मशीननं ओढलेल्या अगदी जवळजवळ, सारख्या अंतराच्या रेघा असतात, ढगाच्या कडेला त्या पातळ होत होत तुटतात, आणि गडद सावलीत शाई कागदावर किंचित उठलेली असते. त्याआधी पाटे तांब्याचे असायचे, पण इतक्या बारीक रेघा तांब्यावर फार टिकत नव्हत्या, पाटा लवकर झिजायचा. जेकब पर्किन्स 1819 मध्ये अमेरिकेतून लंडनला आला तो नोटा छापायला पोलादाचे पाटे वापरायची पद्धत घेऊन, आणि पुढं तीच पुस्तकांत आली, एका पाट्यावर हजारो प्रती निघायला लागल्या. म्हणून ही चित्रं दुर्मिळ आहेत असं कुणी सांगितलं की लगेच भाव मान्य करू नका, चांगल्या अवस्थेतली प्रत मात्र खरंच कमी मिळते. मागच्या बाजूला मजकूर छापलेला असेल तर ते बहुतेक एखाद्या साप्ताहिकातलं लाकडावरचं एनग्रेव्हिंग असतं, वाईट नाही पण वेगळं आहे, भावही वेगळा. चित्राखाली डावीकडं चित्रकाराचं नाव, उजवीकडं कोरणाऱ्याचं, मध्ये प्रकाशक असतो. तिथलं साल पाट्याचं असतं, तीच प्रत त्या सालची असेलच असं नाही. रंग बहुतेक वेळा नंतर विकणाऱ्यांनी भरलेले असतात, मी तरी काळं-पांढरंच घेतो.

रद्दीवाले, जुने पुस्तकवाले यांच्याशी ओळख ठेवा, कन्नडमध्ये दोन शब्द बोला, माल आला की ते स्वतःहून फोन करतात. पण अख्खं जुनं पुस्तक हाताला लागलं तर चित्रांसाठी ते फाडू नका आणि फाडून विकणाऱ्याला तसं करायला सांगू पण नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. आधीच सुटी झालेली पानं बाजारात पुरेशी आहेत.

ऑनलाइन घेताना पाठीमागचा फोटो, कडांचा फोटो आणि पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा. पार्सल गुंडाळी करून नको, दोन जाड पुठ्ठ्यांत सपाट पाठवा असं लिहून सांगा, आणि परदेशातून असेल तर टपाल आणि कस्टमचा खर्च धरूनच बजेट करा.

फ्रेमवाल्याशी आधीच बोलून घ्या. फेविकॉल नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच, कडा कापायच्या नाहीत, काचेला कागद चिकटू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड बोर्डाची चौकट, पाहिजे आणि तो बोर्ड ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेला, पाहिजे. जवळ मिळत नसेल तर बोर्ड ऑनलाइन मागवून त्याच्या हातात द्या. फ्रेम न करता ठेवायची असतील तर पॉलिएस्टरचे कव्हर घ्या, पीव्हीसीचे फोल्डर नकोत.

आणि एक वही करा, शहर, चित्रकार, कोरणारा, किंमत, कुठून घेतलं, सगळं त्यात लिहा. चित्राच्या मागं नंबर घालायचाच असेल तर मऊ पेन्सिलनं, कोपऱ्यात, हलक्या हातानं. पेन, शिक्का, स्टिकर काही लावायचं नाही.