ग्रुपने ग्रीसला जायचंय? मग त्यांचा ईस्टर गाठा (पण तारीख आधी नीट बघा)

पहिली गोष्ट तारीख, बाकी सगळं नंतर. आम्ही २०२४ ला ठाण्याहून १४ जण गेलो होतो, बहुतेक थर्ड इयरवाले आणि दोन-तीन नुकतेच पास आऊट, आणि ज्या एजंटकडे पहिलं कोटेशन मागितलं त्याने बिनधास्त मार्च एंडचं पॅकेज पाठवलं कारण त्याच्या कॅलेंडरवर ईस्टर ३१ मार्चला होता. तो झाला वेस्टर्न ईस्टर. ग्रीक लोकं ऑर्थोडॉक्स (ख्रिश्चनांचा पूर्वेकडचा पंथ), त्यांचा हिशोब जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालतो, त्यामुळे त्यांचा सण त्या वर्षी ५ मेला होता! मार्चमध्ये गेलो असतो तर खांब आणि दगड बघून परत आलो असतो. २०२५ ला दोन्ही एकाच दिवशी म्हणजे २० एप्रिलला आले होते, २०२७ ला त्यांचा ईस्टर २ मेला आहे आणि वेस्टर्न २८ मार्चला, म्हणजे पुन्हा महिन्याभराचा फरक. आपल्याला हे चांगलंच आहे कारण मे म्हणजे परीक्षा संपत आलेल्या असतात. तरी युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल येईपर्यंत नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका, कोणाची ना कोणाची केटी (राहिलेल्या विषयाची परीक्षा) निघतेच.

आता व्हिसा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, पण सुट्टीच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही म्हणून फेब्रुवारीतच सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र घेऊन बसा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी व्हॅलिड हवा, दोन पानं कोरी हवीत आणि तो दहा वर्षांहून जुना नको. इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा. स्टुडंट असाल तर कॉलेजचं बोनाफाईड, सुट्टीचं पत्र, आणि खर्च आईबाबा करणार असतील तर त्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर आणि सहीचं पत्र. अठरा पूर्ण नसलेलं कोणी असेल तर दोन्ही पालकांची संमती लागते. आमच्यात एकीच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आणि मार्कशीटवर वेगळं निघालं आणि तिला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राच्या फेऱ्या माराव्या लागल्या, तेव्हा हे आधीच तपासा. पैशाचं एकालाच खजिनदार करा, काँट्री आधीच गोळा करा, तिथे गेल्यावर "मी नंतर देतो" हा प्रकार सुरू झाला की मैत्री संपते.

बॅगेत काय न्यायचं याबद्दल एक मोठी गोष्ट. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, तुपातले लाडू सगळं घरीच ठेवा, आईला कितीही वाईट वाटलं तरी. चिक्की, तिळाच्या वड्या, तेलातले थेपले, बाकरवडी न्या. तिळाच्या वड्या तर हमखास, कारण त्यांच्याकडे पास्तेली म्हणून तीळ आणि मधाची अगदी तशीच वडी असते, कोणाला भेट दिली की लगेच ओळखतात आणि गप्पा सुरू होतात.

कुठे राहायचं? बरेच लोक अथेन्समध्येच सगळे दिवस काढतात आणि मग म्हणतात सण काही दिसला नाही. अहो कसा दिसेल, अथेन्सवाले अर्धे आपापल्या गावी गेलेले असतात, आपला चाकरमानी गणपतीला कोकणात जातो ना, तसंच. म्हणून माझं म्हणणं असं की अथेन्सला दोन-तीन रात्री पुरे, अॅक्रोपोलिस आणि खालचं म्युझियम करा, सिंटाग्मा चौकात दर तासाला पहाऱ्यावरचे सैनिक बदलतात ते बघा (रविवारी सकाळी ११ चा सोहळा मोठा, तेव्हा ते घागऱ्यासारखा फुस्तानेला घालतात), आणि गुड फ्रायडेच्या आधी एखादं छोटं गाव गाठा. आम्ही नाफ्प्लिओला गेलो, अथेन्सहून बसने साधारण दोन तास, समुद्रकिनारी, अथेन्सच्या आधी ग्रीसची राजधानी होती ती, जवळच मायसिनीचे प्राचीन अवशेष आणि एपिडॉरसचं प्राचीन थिएटर आहे म्हणजे शनिवारची सकाळही वाया जात नाही. सणाच्या बसची तिकीटं मात्र आधी काढा. कॉर्फू बेटावर ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी ११ वाजता बाल्कनीतून मातीचे मोठाले माठ रस्त्यावर फेकतात, बघण्यासारखं आहे पण त्या आठवड्यात तिथे राहायचे दर ऐकून आम्ही नाद सोडला.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घरोघरी अंडी लाल रंगवतात. शुक्रवार दुःखाचा दिवस, दिवसभर चर्चच्या घंटा संथ वाजत असतात, झेंडे अर्ध्यावर, त्या दिवशी कोणाला "हॅपी ईस्टर" म्हणून मिठी मारायला जाऊ नका. "काली अनास्तासी" (येशूच्या पुनरुत्थानाच्या आगाऊ शुभेच्छा) म्हणा, चालतं. रात्री एपिताफिओस निघतो, म्हणजे येशूच्या प्रतीकात्मक मृतदेहाचा फुलांनी मढवलेला मंडप खांद्यावर घेऊन गावभर मिरवतात, मागे मेणबत्त्या घेतलेले लोक. लोक त्याच्या खालून वाकून जातात, आशीर्वाद म्हणून. आमच्यातली एक म्हणाली अरे हे तर पालखीखालून जाण्यासारखंच आहे, आणि खरंच, पाडव्याच्या स्वागतयात्रेत तुम्ही फुटपाथवरून शूटिंग करत राहता तेव्हा काही कळत नाही, आत शिरलात की कळतं, तसंच इथे. मोबाईल खिशात ठेवा, मेणबत्ती विकत घ्या आणि मागे चाला. १४ जणांचा घोळका करू नका, तीन-चार जणांचे ग्रुप पाडा, घोळक्याशी कोणी बोलत नाही पण दोन पोरं गोंधळून उभी दिसली की आजीबाई स्वतःहून हाताला धरून पुढे नेतात.

शनिवारी सुपरमार्केट लवकर बंद होतात, रविवारी तर सगळंच बंद, प्राचीन साइट्ससुद्धा. त्यामुळे शनिवारी दुपारीच पाव, फळं, दही, पाणी भरून ठेवा. आम्ही नाही भरलं. रविवारी सकाळी १४ जणांनी थेपल्याचे चार-चार तुकडे करून खाल्ले.

शनिवारी रात्री अकरालाच चर्चच्या अंगणात जाऊन उभं राहा, पांढरी मेणबत्ती सोबत, खाली पकडायला कागदी किंवा प्लास्टिकचा कप असतो तोही घ्या नाहीतर मेण हातावर. बाराच्या जरा आधी सगळे दिवे जातात, पूर्ण काळोख, मग पुजारी एकच ज्योत घेऊन येतो आणि ती या मेणबत्तीवरून त्या मेणबत्तीवर अशी सगळीकडे पसरते. जेरुसलेमची ज्योत त्याच दिवशी विमानाने अथेन्सला आणतात. बारा वाजता "ख्रिस्तोस अनेस्ती" (ख्रिस्त उठला) म्हणतात, उत्तर "अलिथोस अनेस्ती" (खरंच उठला), एवढं पाठ करून जा. लगेच फटाके सुरू होतात, आपली दिवाळी फिकी वाटावी असे, मोकळे केस आणि ओढण्या सांभाळा.

मग जेवण. ४८ दिवसांचा उपवास त्या रात्री सुटतो तो मागिरित्सा नावाच्या सूपने, कोकराचं काळीज-आतडी, शेपू, अंडं-लिंबू. घरी वजडी खाणारा आमचा एक मित्र दोन वाट्या प्यायला, बाकीचे बघत बसले. शाकाहारी लोकांसाठी खरा सुकाळ त्याआधीचा, शनिवारपर्यंतचा. "निस्तीसिमो" म्हणजे उपवासाचं, त्यात मांस, दूध, अंडं काही नाही, गिगांतेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालासारख्या बिया टोमॅटोत, फासोलाडा म्हणजे पांढऱ्या बियांचं सूप, द्राक्षाच्या पानातला भात. पण सावधान, त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस, कोळंबी चालते! त्यामुळे नुसतं निस्तीसिमो म्हणून थांबू नका, आत काय आहे ते विचारा.

लाल अंड्यांची टक्कर म्हणजे नारळी पौर्णिमेला नारळ लढवतो तोच खेळ, ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं. चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या पोराने तिथल्या एका कुटुंबाची सलग पाच अंडी फोडली आणि त्या आजोबांनी आम्हा चौघांना रविवारच्या कोकरासाठी अंगणातच बसवून घेतलं. कोणी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका.

आता हावभाव, हे कोणी सांगत नाही. पाचही बोटं फाकवून तळहात समोरच्याकडे केला तर ती शिवी आहे, मुत्झा म्हणतात. आम्ही बेकरीत "पाच द्या" म्हणून हात दाखवला आणि बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. तळहात स्वतःकडे ठेवून मोजा. "ने" म्हणजे हो, आपल्याला ते नाही वाटतं आणि दोनदा नको असलेली कॉफी येते. नाही म्हणजे "ओही", नाहीतर मान जराशी मागे नेऊन "च्यक", हे मात्र डिट्टो आपलं. दुपारी तीन ते साडेपाच शांतता पाळतात, बाल्कनीत गाणी लावू नका. मठात जाणार असाल तर शॉर्ट्स नको, मुलींना बऱ्याच ठिकाणी स्कर्ट लागतो. आणि टॉयलेट पेपर बाजूच्या डब्यात टाकायचा, कमोडमध्ये नाही, पाइप बारीक असतात, आमच्या होस्टेलमध्ये हे पहिल्याच दिवशी कळलं आणि कसं कळलं ते इथे लिहीत नाही.

मे जमत नसेल तर क्लीन मंडे बघा, म्हणजे त्या ४८ दिवसांच्या उपवासाचा पहिला दिवस, ईस्टरच्या ४८ दिवस आधी, २०२७ ला १५ मार्च, त्या दिवशी सगळे टेकड्यांवर पतंग उडवतात आणि लागाना नावाचा चपटा पाव खातात. संक्रांतीला मांजा घासलेल्या ठाणेकरांनी तिथे काटाकाटी करू नये, तिथे नुसतं उडवायचं असतं.