पहिलीचा प्रवेश: बेळगाव सीमाभागातील मराठी पालकांनी काय पाहावे, काय तपासावे

माझी मोठी मुलगी दहावीत गेली त्या वर्षी, परीक्षेचे अर्ज भरण्याआधी, शाळेने तिच्या नोंदींची छापील प्रत घरी तपासायला पाठवली. नाव बरोबर होते, जन्मतारीख बरोबर होती. ‘मातृभाषा’ या रकान्यात मात्र कन्नड असे लिहिलेले होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली जाते. दहा वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवशी कन्नडमधला छापील अर्ज माझ्यासमोर आला, मी तोंडी माहिती दिली, कार्यालयात कोणीतरी तो भरला आणि मला कन्नड वाचता येत नसल्याने मी नुसती सही केली. ती एक नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी शाळा आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालय यांच्यामध्ये पाच फेऱ्या झाल्या. तेव्हापासून वडगावात आमच्या गल्लीत ज्या घरी पहिलीत जाणारे मूल असते, त्या घरच्यांबरोबर मी अर्ज भरायला बसतो. पुढचे सगळे त्या बैठकांतून जमलेले आहे.

मातृभाषेचा रकाना इतका महत्त्वाचा का, असे पुष्कळ जण विचारतात. महाराष्ट्राच्या सीईटी, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, प्रवेशप्रक्रियेत ‘टाइप ई’ नावाचा उमेदवारांचा एक प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी किंवा बारावी उत्तीर्ण झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी त्यात अर्ज करू शकतो. मूल कोणत्या माध्यमातून शिकले हा तिथे प्रश्न नसतो, मातृभाषा कोणती हा असतो, आणि तिचा पुरावा शेवटी शाळेच्या कागदांतूनच द्यावा लागतो. इंग्रजी माध्यमात मूल घालणाऱ्या मराठी पालकांनी तर हा रकाना अधिकच जपावा, कारण मराठी शाळेत निदान माध्यमावरून भाषा लक्षात येते, तिथे तेही नसते. माध्यम आणि मातृभाषा हे दोन वेगळे रकाने आहेत, हे अर्ज भरणाऱ्याला आपण होऊन सांगावे.

आता सुरुवातीपासून. पहिली गोष्ट वयाची. कर्नाटकात पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी मुलाची सहा वर्षे पूर्ण असावीत असा नियम आहे. २०२५-२६ साली तो शिथिल करून पाच वर्षे पाच महिने पूर्ण झालेल्या मुलांना त्या एका वर्षापुरती सवलत दिली गेली होती, त्यामुळे अजूनही कित्येक घरांत जुनाच आकडा धरून बसलेले असतात. शिवाय आपले निम्मे नातेवाईक कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडे. तिकडे ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारे मूल जूनमध्ये पहिलीत बसते. दहा सप्टेंबरला जन्मलेली दोन मावसभावंडे असतील तर कोल्हापूरचे एक वर्ष आधी पहिलीत जाईल आणि बेळगावचे थांबेल. यात आपल्या मुलाचे वर्ष वाया गेले असे मनाला लावून घेऊ नये आणि जन्मतारीख पुढेमागे करण्याचा विचार तर मनातही आणू नये. वयाविषयीचे त्या वर्षीचे परिपत्रक शाळेत किंवा बीईओ कार्यालयात पाहून, त्याप्रमाणे बालवाडीचे वर्ष आधीच बेतावे.

शाळा पाहायला जायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे उन्हाळी सुट्टी लागते आणि मेअखेरीस शाळा पुन्हा सुरू होते. बहुतेक घरांत मात्र ‘शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक होऊ दे, मग शाळेचे बघू’ असे चालते, आणि वैशाखातली ती मिरवणूक होईपर्यंत वर्गांना कुलूप असते. रिकामी इमारत पाहून शाळा कळत नाही. कामाच्या दिवशी, शक्यतो दुपारच्या जेवणाच्या सुमारास जावे. मुले रांगेत कशी बसतात, वाढणाऱ्या बाई त्यांच्याशी कशा बोलतात, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, हे सगळे त्या अर्ध्या तासात दिसते. मी धाकट्यासाठी एका सरकारी मराठी शाळेत गेलो होतो तेव्हा तिसरीतला एक मुलगा ताट धुऊन झाल्यावर पहिलीतल्या एका लहानग्याचेही ताट धुऊन देत होता; कोणी सांगितले नव्हते. माझ्या मनाने तिथेच निम्मा निर्णय घेतला होता.

उरलेला निम्मा निर्णय प्रश्न विचारून घ्यावा. मुख्याध्यापकांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे: कायम शिक्षक किती, अतिथी शिक्षक किती, एका खोलीत किती इयत्ता बसतात, आणि कन्नड कोण शिकवते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. पण पटच कमी असेल, तर प्रमाण कागदावर बरोबर असूनही दोन शिक्षकांवर पाच इयत्ता येतात. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या लहान गावांत हा प्रश्न विशेष असतो. अशा ठिकाणी शाळा सोडून देण्याआधी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, अध्यक्षांना भेटावे. ही समिती पालकांची असते, अध्यक्षही पालकच असतात, आणि शिक्षकांच्या मागणीचा अर्ज समितीच्या ठरावासह बीईओंकडे गेला की त्याला वजन येते. एकेकट्या पालकाने केलेल्या तक्रारीला ते येत नाही.

माध्यमाचा प्रश्न आपल्याकडे भावनेचा आहे आणि तो तसा असण्यात गैर काही नाही. घटनेच्या कलम ३५०-अ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितलेले आहे. आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात असाही निर्णय दिला की राज्य कोणावर शिक्षणाचे माध्यम लादू शकत नाही, निवड मुलाची आणि त्याच्या वतीने पालकांची. म्हणजे मराठी शाळेत घालणे हा आपला हक्क आहे आणि इंग्रजी शाळेत घालणे हेही. मी दोन्ही केले आहे. मोठी इंग्रजी माध्यमात शिकली, धाकटा मराठीत शिकतो. माझे मत असे बनले आहे की घरी अभ्यास घेणारे कोणी इंग्रजी जाणणारे नसेल, तर पहिली चार-पाच वर्षे मराठी माध्यमच मुलाच्या हिताचे. मूल प्रश्न विचारायला घाबरत नाही, आणि आजीसुद्धा त्याचे पुस्तक हातात घेऊन बसू शकते. मात्र पुढचा टप्पा डोळ्यांसमोर ठेवावा. दहावीच्या परीक्षेत मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी ही प्रथम भाषा म्हणून १२५ गुणांना असते, पण पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान किंवा वाणिज्य घेतले की त्याला मराठीतून एकदम इंग्रजीत यावे लागते. त्यासाठी आठवीपासून गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द मराठी शब्दांच्या जोडीने पाठ करून घेणाऱ्या शाळा आहेत. आपली शाळा तसे करते का, हे पहिलीलाच विचारून ठेवावे.

कन्नड कोणत्याही माध्यमात टळत नाही. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानुसार कन्नड ही शाळेत पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते, आणि पहिलीपासून एकेक इयत्ता वर चढत हा नियम लागू होत गेला. कन्नडशी राजकीय वाद असला तरी मुलाला त्या भाषेपासून दूर ठेवून त्याचे नुकसान करू नये. बस, बाजार, नाडकचेरी (महसूल खात्याचे स्थानिक कार्यालय) आणि बहुतेक नोकऱ्या इथल्याच आहेत. आमच्या शेजारच्या कन्नड अक्का संध्याकाळी कट्ट्यावर बसून धाकट्याला अक्षरे गिरवायला लावत आणि त्यांच्या नातीला आमच्या घरी मराठी गोष्टी वाचून दाखवल्या जात. शिकवणीला पैसे देऊन जे दोन वर्षांत झाले नसते ते एका पावसाळ्यात झाले.

शाळा कोणत्या गावात आहे, याचाही कागदावर परिणाम होतो, आणि ही गोष्ट बहुतेकांना फार उशिरा कळते. कर्नाटकाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के आणि कन्नड माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी ५ टक्के राखीव जागा असतात. ग्रामीण आरक्षणासाठी पहिली ते दहावी अशी दहाही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झालेली असावी लागतात. शहराला चिकटलेल्या ग्रामपंचायतीच्या गावातले पालक मुलाला पाचवीला शहरात आणतात तेव्हा हा हक्क त्याच दिवशी संपतो. शहरातली शाळा चांगली असेल तर जरूर आणावे, पण काय सोडतो आहोत हे माहीत असावे. कलबुर्गी-बिदरकडच्या मुलांना मिळणारे घटनेच्या ३७१-जे कलमाचे आरक्षण बेळगाव जिल्ह्याला लागू नाही, हेही लक्षात असू द्यावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीईच्या) पंचवीस टक्के मोफत जागांची आशा इथे फारशी धरू नये. महाराष्ट्रातले नातेवाईक त्याविषयी उत्साहाने सांगतात, पण कर्नाटकाने २०१९ पासून नियम बदलला आहे: परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेतल्या त्या जागा मिळत नाहीत, आणि आपल्याकडे अशी शाळा नसलेला परिसर क्वचितच सापडतो. त्याच कायद्याच्या कलम १३ ने प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करण्यास बंदी आहे. मात्र अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच ठरवले. म्हणून संस्थेचा दर्जा आधी विचारावा, आणि कोणत्याही संस्थेत दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

कागदपत्रे नेहमीचीच: जन्मदाखला, मुलाचे व आईवडिलांचे आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला. जन्मदाखला हाती नसला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कायदा सांगतो. तरीही तो आधी काढून ठेवावा. जातीचा-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून मिळतो आणि त्यावरचा ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे मागितला जातो. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-बी प्रवर्गात येतो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात जशी लिहिलेली आहे तशीच, अक्षराचाही फरक न करता, मुलाच्या नोंदीत यावी.

खरा वेळ नावाला द्यावा. आपली नावे कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतात. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो आणि कन्नड लिहिणारा कारकून ‘जे-एन’ने, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधे मुलगा अडकतो. चौगुले आडनावात कोणी ‘ए-यू’ लिहितो, कोणी ‘ओ-यू’. त्यातच आपली पद्धत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी, तर इकडे पुष्कळ ठिकाणी आडनाव आद्याक्षरात आटोपते. म्हणून घरून निघतानाच एका कोऱ्या कागदावर मुलाचे पूर्ण नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत लिहून न्यावे आणि तो कागद अर्जाला टाचावा. जन्मदाखला आणि आधार यांत फरक असेल तर तो प्रवेशाआधीच मिटवावा. दहावीच्या आधी दुरुस्ती शाळा आणि बीईओमार्फत होऊ शकते. गुणपत्रिका छापली गेली की प्रकरण परीक्षा मंडळाकडे जाते आणि फार लांबते.

महाराष्ट्रातून इकडे किंवा इकडून तिकडे शाळा बदलायची असेल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी, आणि इकडचा एसएटीएस क्रमांक, म्हणजे राज्याच्या संगणकीय नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक, जपून ठेवावा.

रोजच्या येण्याजाण्याचा विचार पालक शेवटी करतात, तो आधी करावा. टिळकवाडीतल्या रेल्वे गेटच्या अलीकडे घर आणि पलीकडे शाळा असेल, तर नकाशावरचे एक किलोमीटर सकाळी किती वेळ खाते, हे आठवडाभर जाऊन पाहावे. गल्लीतली चार-पाच मुले एकाच शाळेत असतील तर आयांनी वार वाटून घ्यावेत. एक जण नेईल, दुसरी आणेल. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील महिला आणि मुलींना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, त्यामुळे खेड्यातून येणाऱ्या मुलींची सोय झाली आहे; मुलग्यांना पास काढावा लागतो आणि त्यासाठी जूनमध्ये गर्दी होते. मागच्या वर्षीच्या मुलाचा गणवेश, दप्तर मागायला संकोच करू नये. आमच्या गल्लीत गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत संध्याकाळी दोन तास अभ्यासाला दिवा लावलेला असतो, आणि दहावीतली मुले लहानांना पाढे म्हणायला लावतात. नवीन राहायला आलेल्या कुटुंबाची ओळख बहुतेक वेळा तिथूनच होते.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले की एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना पुन्हा जावे. तोपर्यंत संगणकावरची नोंद पूर्ण झालेली असते. तिची छापील प्रत मागावी, कन्नड वाचता येणारे कोणी सोबत न्यावे, आणि नाव, जन्मतारीख, जात, मातृभाषा, माध्यम हे पाच रकाने बोट ठेवून वाचून घ्यावेत. चूक दिसली तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घेऊन ती प्रत जन्मदाखल्याच्या फायलीत ठेवावी.