५०० लिटरच्या ब्रूहाऊसमधून ४१० लिटर बिअर

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत कामाला येणारी बरीच मुलं मायक्रोबायोलॉजी किंवा फूड टेक्नॉलॉजी शिकलेली असतात. यीस्टचा विषय काढा, भरभरून बोलतात. पण ‘५०० लिटरचं ब्रूहाऊस’ (माल्टपासून वर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचं गोड पाणी, बनवणारी भांडी) म्हणजे नक्की कुठले ५०० लिटर, हे विचारलं की गप्प. केटलचं (वर्ट उकळायच्या भांड्याचं) एकूण माप, उकळी संपल्यावरचा गरम वर्ट, की फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या टाकीत) पोचलेला थंड वर्ट? कोटेशनवर आकडा एकच छापलेला असतो.

उकळीनंतरचा गरम वर्ट धरू. ५०० लिटर उरवायला सुरुवातीला ५४० लागतात, कारण तासाभराच्या उकळीत साधारण ८ टक्के वाफ होऊन जाते. शिवाय फेस चढतो, म्हणून केटल ७०० लिटरची तरी हवी. पुढे वर्ट १०० अंशांवरून २० वर आला की ४ टक्के आकसतो. हे २० लिटर कुठेच सांडलेले नसतात. नवी मुलं मात्र पाइपची गळती शोधत फिरतात! व्हर्लपूलच्या (वर्ट गरगर फिरवून गाळ खाली बसवायच्या भांड्याच्या) तळाच्या गाळात आणखी २० लिटर जातात, फर्मेंटरच्या तळाशी यीस्टबरोबर ४० आणि केग (बिअरची पिंपं) भरताना, लाइनमध्ये १०. राहिली ४१० लिटर. आयपीएत (हॉप्स जास्त असलेल्या कडसर बिअरमध्ये) थंड अवस्थेत हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी फुलं टाकता, तेही बिअर पिऊन बसतात, म्हणजे अजून कमी. मालक मात्र ५०० ला ग्लासाने भागून धंद्याचं गणित मांडून मोकळे झालेले असतात.

स्ट्राँग बिअरला वेगळीच अडचण. १२ प्लेटोच्या (प्लेटो म्हणजे वर्टमध्ये विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, अंशाचं वजनी टक्क्यांतलं माप) ५०० लिटर वर्टला ८५ किलोच्या आसपास माल्ट पुरतं, १८ प्लेटोला १३० च्या वर लागतं. मॅश टनमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या भांड्यात) १०० किलोच मावत असेल तर वर्ट ३७० लिटरवर थांबतो, केटल कितीही मोठी असो.

आणि वर्षाचं उत्पादन ब्रूहाऊसवर ठरतच नाही, ते फर्मेंटरवर ठरतं. व्हीट बिअर दोन आठवड्यांत टाकी मोकळी करते, लागर पाच आठवडे अडवून ठेवते. प्रत्येकी एका बॅचच्या चार टाक्यांत वर्षभर फक्त व्हीट केली तर कागदावर ४२,००० लिटर निघतात, फक्त लागर केली तर १६,०००. मेन्यूवर लागर वाढवायची चर्चा निघाली की आधी टाक्या मोजा.

वरचे आकडे तुमच्या प्लांटवर जसेच्या तसे बसणार नाहीत. प्रत्येक बॅचला उकळीआधी, उकळीनंतर, फर्मेंटरमध्ये आणि केगमध्ये किती लिटर होते ते लॉगबुकात लिहीत जा.