घरी सायलेन्सर बदलताय? या चुका टाळा

जुन्या मारुती ८०० किंवा झेनचा मागचा सायलेन्सर बदलणं घरी जमण्यासारखं काम आहे. दोन महिन्यांत पुन्हा फटफट सुरू झाली की लोक नव्या मालाला नावं ठेवतात; खोट बहुतेक वेळा बसवण्यात असते.

गाडी गरम असताना खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावा आणि पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे द्या, कारण मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा काही उपयोग राहत नाही. विटांचा भरवसा धरू नका, त्या फुटतात.

फ्लँजचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चपट्या कड्यांचे, नटबोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. सरळ जोर लावला की स्टड (फ्लँजमध्ये पक्का बसवलेला बिनडोक्याचा बोल्ट) तुटतो, मग ड्रिल मारत बसा. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा एकदा. ८ मि.मी.च्या बोल्टला बहुधा १२ नंबरचा पाना लागतो. रिंग पाना वापरा, फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. नट पाव आटा सुटला की थोडा परत आवळा, मग पुन्हा सोडा. आरपार बोल्ट असेल आणि हलतच नसेल, तर कापून टाका.

गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, ‘अजून बरी दिसते’ म्हणून परत लावू नका. एकदा दबलेली गॅस्केट दुसऱ्यांदा नीट बसत नाही, आणि वर सिलिकॉन थापलं तर ते जळतं. सायलेन्सर आणतानाच गॅस्केट, नटबोल्ट आणि लटकवायचे रबर नवे घ्या. इंदूरच्या सियागंज बाजारात जाताना जुना नमुना खिशात असू द्या. रबर चढवायला साबणाचं पाणी पुरतं. ग्रीसने रबर फुगतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फ्लँज आधीच घट्ट आवळणं. मग पाइप तिरका ताणलेला राहतो, रबर एका बाजूला ओढले जातात आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट जोडावर बसतो. आधी सगळं सैल जोडा, सायलेन्सर रबरांवर लटकू द्या. बॉडी आणि अ‍ॅक्सलपासून दोन बोटं अंतर राहतंय का बघा, मगच पुढून मागे आवळत या. फ्लँजचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे.

गळतीची तपासणी मोकळ्या जागेत, थंड इंजिन नुकतंच सुरू करून करा. बंद गॅरेजमध्ये नाही; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेपटीवर (पाइपच्या मागच्या तोंडावर) जाड फडकं क्षणभर दाबून धरायला कोणाला तरी सांगा आणि जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले की गळती तिथेच. पहिली पंधरा-वीस मिनिटं नव्या सायलेन्सरवरचं तेल जळून धूर येतो, त्याने घाबरू नका.

आता गंजाबद्दल. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. रोज रामबागेतून राजवाडा एवढंच चालवलंत तर सायलेन्सर तापतच नाही, पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. अधूनमधून शहराबाहेर महूपर्यंत लांब चक्कर मारा. सायलेन्सरच्या पोटाला खालून बारीक भोक दिसलं तर एम-सील लावून बुजवू नका. ते पाणी निथळायलाच ठेवलेलं असतं.